गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला म्हणून घेतलेला ओबीडी स्कॅनर, आठ महिने वापरून सांगतोय

आधीच सांगून टाकतो, ज्यांची गाडी ऑटोमॅटिक आहे आणि वॉरंटी संपलीये त्यांनी हा छोटा डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारा डबा, घ्यावाच असं माझं मत आहे. पण घेताना एक गोष्ट बघूनच घ्या, नाहीतर माझ्यासारखे पहिले पंधरा दिवस भलताच आकडा बघत बसाल. ती गोष्ट कुठली ते पुढे येतंय. पाचपैकी चार स्टार देतोय आणि एक कुठे कापला तेही सांगतो.

आता हे घ्यायची वेळ का आली ते. माझी गाडी सहा गिअरची साधी टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली, चालायला एकदम मऊ, कधी तक्रार नाही. आम्ही पाच जण होतो, आईबाबा, बायको, मुलगी आणि मी, डिकी गच्च भरलेली, दुपारची वेळ, एसी फुल आणि समोर लांबलचक चढ. चढावर ट्रकांची रांग लागलेली, दहा फूट पुढे जायचं की परत थांबायचं, असं जवळजवळ पाऊण तास चाललं होतं. आणि मी काय करत होतो तर दर वेळी ब्रेकवर पाय ठेवायच्या ऐवजी थोडी रेस देऊन गाडी चढावर तशीच धरून ठेवत होतो, मागे घसरू नये म्हणून. सवय होती ती, त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नव्हतं.

तर तिथे मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. दातेरी चाक आणि त्याच्या आत थर्मामीटर. मी असा दिवा आयुष्यात पहिल्यांदा बघितला. बाबा पुढे बसले होते, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, अरे इंजिनचा काटा तर मधोमध आहे, मग हे तापलंय काय? आणि खरं सांगतो, पूर्ण प्रकरणातला सगळ्यात बरोबर प्रश्न तोच होता. कारण इंजिनचं टेम्परेचर आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं टेम्परेचर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काटा फक्त पहिल्याचा असतो, दुसऱ्याचा बहुतेक गाड्यांमध्ये काटाच नसतो, फक्त दिवा असतो. आणि दिव्याला दोनच गोष्टी कळतात, लागणं आणि विझणं.

मी गाडी कडेला घेतली आणि घाबरून लगेच इंजिन बंद केलं. हे चुकलं. नंतर ओनर्स मॅन्युअल उघडून वाचलं तेव्हा कळलं की माझ्या गाडीत सुरक्षित जागी थांबायचं, गिअर पी मध्ये टाकायचा, हँडब्रेक ओढायचा आणि इंजिन चालूच ठेवायचं, दिवा विझेपर्यंत. कारण गिअरबॉक्सच्या आतला तेलाचा पंप इंजिन फिरतं तेव्हाच फिरतो. इंजिन बंद केलं की पंप बंद, तेल कुलरमधून फिरायचं थांबतं आणि तापलेलं तेल जिथे आहे तिथेच उकडत बसतं. ह्युंदाई-कियाच्या ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये तर स्क्रीनवर तसा मेसेजच येतो, ट्रान्समिशन हॉट, पार्क विथ इंजिन ऑन, आणि थंड झालं की परत चालवायला हरकत नाही असाही मेसेज येतो. मात्र इंजिनचा काटाही लाल पट्ट्यात गेला असेल किंवा खाली तेल गळताना दिसत असेल तर हे लागू नाही, तेव्हा इंजिन बंदच करायचं. आणि शेवटी तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतंय तेच खरं, ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असतं आणि आपण ते कधी उघडत नाही, आज उघडून एवढं एक पान वाचा.

दिव्याबद्दल अजून थोडं, कारण डोंगलचा उपयोग त्याशिवाय कळणार नाही. सगळ्या गाड्यांमध्ये हा दिवा सारखा दिसत नाही. कुठे दातेरी चाकात थर्मामीटर, कुठे दातेरी चाकात उद्गारचिन्ह, कुठे सरळ अक्षरात एटी ऑईल टेम्प. इंजिन कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा दिवा वेगळा, तो थर्मामीटर आणि त्याच्याखाली पाण्याच्या लाटा असा असतो, लोक या दोघांत हमखास गल्लत करतात. रंग पिवळा असेल तर लवकर लक्ष द्या आणि लाल असेल तर आत्ता थांबा असा साधारण अर्थ धरायचा. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ वेगळा असू शकतो, म्हणजे सुबारूच्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये एटी ऑईल टेम्पचा दिवा चालवताना लागून राहिला तर तेल तापलंय, पण इंजिन सुरू केल्यावर तो लुकलुकत राहिला तर गिअरबॉक्सच्या कंट्रोल सिस्टीममध्येच बिघाड असू शकतो. आणि अजून एक, इग्निशन ऑन केल्यावर हे दिवे दोन-तीन सेकंद लागून विझायला हवेत. बऱ्याच गाड्यांमध्ये तसं होतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल आणि तो दिवा सुरुवातीला लागतच नसेल तर तो चढावरही लागणार नाही, सेकंडहँड गाडी घेताना हे बघाच.

त्या दिवशी वीसेक मिनिटांनी दिवा विझला, आम्ही हळूहळू वर पोचलो, गाडीला काही झालं नाही. पण बॉनेट उघडल्यावर थोडा जळका वास आला होता आणि तो माझ्या डोक्यातून गेला नाही. दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपमध्ये नेली, नाव सांगत नाही. त्यांनी गाडीखाली वाकूनही न बघता सांगितलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, खोलून बघावा लागेल. तेल बघितलं नाही, कोड वाचला नाही, दिवा कुठे लागला, किती वेळ होता, काही विचारलं नाही. मला तिथे राग आला आणि भीतीही वाटली, कारण आपल्याला काही माहीत नसेल तर समोरचा म्हणेल ते ऐकावं लागतं. तिथून घरी येऊन हा डोंगल मागवला.

डोंगल म्हणजे काय तर आगपेटीएवढा डबा, स्टिअरिंगच्या खाली जे सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात खोचायचा, ब्लूटूथने फोनला जोडायचा आणि ॲपमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरकडचे आकडे बघायचे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या नव्या कार्सना हे ओबीडी-२ सॉकेट सक्तीचं झालं, नंतर बाकी ठिकाणीही आलं, त्यामुळे गाडी फार जुनी नसेल तर सॉकेट असणारच. माझा डोंगल एल्म ३२७ नावाच्या चिपच्या प्रकारचा आहे, बाजारात या नावाने ढीगभर नकला मिळतात. एक खूण लक्षात ठेवा, डब्यावर व्हर्जन १.५ लिहिलेलं असेल तर ती नक्कल समजा, मूळ चिप बनवणाऱ्या कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. तरी त्यातले बरेच चालतात, पण काही कमांड अर्धवट असतात आणि आपल्याला जो आकडा हवाय नेमका तोच त्यात अडकतो. आयफोनवाल्यांनी ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला घ्यायचा, जुन्या ब्लूटूथचा डोंगल आयफोनला जोडला जात नाही, अँड्रॉइडला चालतो.

आता ती महत्त्वाची गोष्ट. मी डोंगल लावला, फुकटचं ॲप टाकलं, त्यात टेम्परेचर दिसलं ९०, ९१, ८९. मला एवढं बरं वाटलं, सगळं नॉर्मल आहे म्हणून. पंधरा दिवस मी तो आकडा बघत होतो आणि तो आकडा इंजिन कूलंटचा होता. म्हणजे जो काटा आधीच मीटरवर दिसत होता तोच मी फोनवर परत बघत होतो. ॲपच्या नेहमीच्या यादीत कूलंट, आरपीएम, स्पीड, एअर इनटेकचं तापमान एवढं सगळं मिळतं पण गिअरबॉक्सच्या तेलाचं टेम्परेचर बहुतेक गाड्यांमध्ये त्या यादीत येत नाही, प्रत्येक कंपनी ते स्वतःच्या वेगळ्या कोडमध्ये ठेवते. त्यामुळे ॲपमध्ये तुमच्या कंपनीचं, तुमच्या मॉडेलचं प्रोफाईल आहे का ते आधी बघायचं, नसेल तर कस्टम पीआयडी, म्हणजे तो आकडा मागवायचा कोड, आपल्या हाताने टाकायची सोय आहे का ते बघायचं. दोन्ही नसेल तर पैसे वाया. मला शेवटी दुसरं ॲप घ्यावं लागलं, प्रोफाईल निवडलं आणि एक नवीन ओळ आली, ट्रान्समिशन फ्लुइड टेम्प.

ती ओळ खरी आहे का हे तपासायची सोपी रीत सांगतो. सकाळी रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. दोन्ही एकाच जागेवरून निघतात, बाहेरच्या हवेच्या आसपास. मग कूलंट भराभर चढतं आणि गिअरबॉक्सचं तेल मागे रेंगाळतं. माझ्या गाडीत दहा मिनिटं शांतपणे चालवल्यावर कूलंट ८८ होतं आणि गिअरबॉक्स ५२. दोन्ही आकडे अगदी हातात हात घालून चढत असतील तर तुम्ही एकच सेन्सर दोनदा बघताय असं समजा. आणि आकडा उणे ४० दाखवत असेल, बाहेर बर्फ नसताना, तर सेन्सरची वायर तुटलीये किंवा ॲपला उत्तरच मिळत नाहीये. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर असतो, तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, वायर तुटली की रेझिस्टन्स प्रचंड होतो आणि कॉम्प्युटरला वाटतं की कडाक्याची थंडी आहे. उलट वायर शॉर्ट झाली की एकदम भयंकर गरम दाखवतं, मग गिअरबॉक्स गार असतानाही दिवा लागू शकतो.

इथून पुढे मला या डोंगलचं खरं मोल कळलं. सपाट हायवेवर ऐंशी-नव्वदच्या स्पीडला आकडा ८४ ते ८८ मध्ये बसून राहायचा, तासभर गेला तरी हलायचा नाही. शहरात सिग्नलला थांबत जाताना ९५ ते १००. आणि त्याच चढावर परत गेलो, या वेळी गाडीत आम्ही दोघंच, तरी ११८. दिवा लागला नाही! हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मीटर एकदम स्वच्छ, काही मेसेज नाही, गाडी छान ओढतीये आणि तेल ११८ वर. फोन शेजारी नसता तर मी खुशाल एसी फुल करून पुढे गेलो असतो. दिवा लागतो तेव्हा उष्णता आधीच होऊन गेलेली असते, तिथे पोचेपर्यंतचा सगळा रस्ता आपल्याला दिसत नाही.

का तापतं ते थोडक्यात सांगतो, आकडा बघताना हे डोक्यात असलं की चालवायची पद्धतच बदलते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात लोखंडी जोड नसते, मध्ये तेल असतं, इंजिनकडची पाती तेल फेकतात आणि त्या माऱ्याने समोरची पाती फिरतात. दोघांच्या वेगात जेवढा फरक तेवढं तेल नुसतं घुसळलं जातं आणि ती सगळी ताकद उष्णता होते. चढावर रेस देऊन गाडी जागेवर धरून ठेवली तर चाकं फिरतच नाहीयेत, म्हणजे इंजिन जेवढी ताकद देतंय ती सगळीच्या सगळी तेल तापवण्यात जातीये. मी पाऊण तास तेच केलं होतं. चिखलात किंवा वाळूत रुतलेली गाडी पुढेमागे करत काढताना हेच होतं, जड ट्रेलर ओढताना हेच. आणि स्पीड धरला की आतला लॉकअप क्लच लागतो, मग दोन्ही बाजू एकत्र फिरतात, घुसळणं बंद. हे फोनवर बघायला मला फार आवडतं, एक्सलरेटर तसाच ठेवलाय, स्पीड तोच आहे आणि आरपीएम अचानक दोन-अडीचशेने खाली बसतो, तो क्षण म्हणजे लॉकअप, आणि त्यानंतर मिनिटभरात तेलाचा आकडा एकेक डिग्रीने उतरायला लागतो. आता मी चढावर थांबलो की ब्रेक, पुढची गाडी दहा फूट नाही तर तीन-चार गाड्यांएवढी पुढे गेल्यावरच निघतो, जमेल तिथे मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर. एवढ्यानेच आकडा सात-आठ डिग्री कमी राहिला.

ड्युअल क्लचवाल्यांसाठी वेगळं. ड्राय क्लचच्या डीसीटीमध्ये (डीसीटी म्हणजे हाच ड्युअल क्लच गिअरबॉक्स) क्लच तेलात बुडालेला नसतो, क्लचच्या प्लेटाच तापतात. रांगेत हळूहळू सरकणं म्हणजे त्या गाडीने तुमच्या वतीने सतत हाफ क्लच मारत राहणं. मॅन्युअल गाडी हाफ क्लचवर चढावर धरली की क्लच जळतो हे आपल्याला ड्रायव्हिंग शिकतानाच सांगितलेलं असतं, इथेही तेच आहे, फक्त क्लचचं पेडल नसल्यामुळे जाणवत नाही. तिथे इलाज एकच, पूर्ण थांबा किंवा पूर्ण निघा, मधलं सरकणं टाळा. त्या गाड्यांमध्ये ॲपमध्ये क्लच टेम्परेचर नावाने ओळ शोधायची. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, तेल तापलं की बऱ्याच गाड्या दिवा लावायच्या आधीच ताकद कमी करतात, लांब चढावर गाडी अचानक मेल्यासारखी वाटते, लोक इंजिनमध्ये बिघाड शोधत बसतात.

पुन्हा माझ्या गाडीकडे. ११८ चा स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो, वयस्कर माणूस, फक्त गिअरबॉक्सचीच कामं करतात. त्यांनी फोन बघितला, मग विचारलं सपाटीला किती असतं, शहरात किती असतं, एकदम चढतं की हळूहळू. मला तेव्हा कळलं की उत्तरं माझ्याकडे आहेत. मग म्हणाले, उतरवायचं नंतर बघू, आधी तेल बघू. डिपस्टिक काढली, पांढऱ्या टिश्यूवर दोन थेंब सोडले आणि मला बोलावून दाखवलं. नवीन तेल लालसर आणि पारदर्शक असतं, माझं गडद तपकिरी, नाकाशी नेलं तर तोच जळका वास. पण टिश्यू उन्हात तिरका धरून बोटाने तेल पसरवलं, त्यात चमचम नव्हती. धातूचा चुरा नाही म्हणजे आत काही खाल्लं गेलेलं नाही असं म्हणाले. गुलाबी दुधासारखा रंग असता तर वेगळीच भानगड, रेडिएटरच्या आतला कुलर फुटून कूलंट गिअरबॉक्सच्या तेलात गेलेलं असतं, तेव्हा गाडी एक किलोमीटरही चालवायची नाही.

मग टॉर्च घेऊन पुढच्या जाळीतून आत बघितलं. माझ्या गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाचा छोटा कुलर एसीच्या कंडेन्सरच्या समोर आहे, त्याच्या पट्ट्या चिखल आणि किड्यांनी लिंपल्यासारख्या बुजलेल्या, खालच्या अर्ध्या भागातून उजेडच आरपार येत नव्हता. बंपर सैल करून त्यांनी मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुतला, प्रेशर वॉशर वापरू दिला नाही कारण पट्ट्या वाकतात आणि एकदा वाकल्या की हवा तशीही जात नाही.

तेल बदललं पण एका झटक्यात नाही. माझ्या गिअरबॉक्समध्ये एकूण साधारण सात लिटर तेल आहे आणि खालचा बोल्ट खोलला की तीनच लिटर निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतं. म्हणजे एकदा बदललं तर ४३ टक्के नवीन, दुसऱ्यांदा ६७, तिसऱ्यांदा ८१. मधे थोडे दिवस चालवून तीनदा केलं, पहिल्या वेळी चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, उतरवून फिल्टरही बदलला. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं, दुसरं नाही, यात तडजोड नाही. ज्यांच्या गाडीत डिपस्टिक नसते तिथे लेव्हल ठरावीक तापमानालाच बघायची असते, बऱ्याच गिअरबॉक्सना ती चाळीसच्या आसपास असते, इंजिन चालू ठेवून लेव्हलचा बोल्ट खोलायचा. तिथेही हा डोंगलच कामी येतो, बोल्ट खोलायच्या आधी तेल किती डिग्रीला आहे ते कळतं. तेल गरम असताना फुगलेलं असतं, तेव्हा लेव्हल बघितली तर गार झाल्यावर कमी पडतं, आणि कमी तेल म्हणजे परत तापणं.

लाईफटाईम ऑईल आहे, बदलायची गरज नाही, हे मला गाडी घेताना सांगितलं होतं. कुणी सांगितलं तर ऐकू नका. झेडएफ ही स्वतः गिअरबॉक्स बनवणारी कंपनी, तीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं यातलं जे आधी होईल तेव्हा तेल बदला म्हणते. मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा असा की तेल नेहमीपेक्षा दहा-अकरा डिग्री जास्त तापत राहिलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, आणखी दहा-अकरा चढलं की परत निम्मं. ठोकताळाच आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

काम झाल्यावर तोच चढ, तशीच दुपार, १०१.

किती आकड्याला घाबरायचं हे सगळे विचारतात. माझ्यासारख्या साध्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सला ८० ते ९५ रोजचं, चढावर १०५ पर्यंत ठीक, ११५ च्या वर गेला की मी जागा शोधायला लागतो आणि १२० ला थांबतो. दीडशेच्या आसपास सील कडक होतात आणि क्लच प्लेटा जळायला लागतात, तिथे जायचंच नाही. पण हे आकडे डोळे झाकून तुमच्या गाडीला लावू नका. काही नवीन गिअरबॉक्स मुद्दाम शंभरच्या आसपास चालवतात, तेल पातळ राहावं आणि पेट्रोल वाचावं म्हणून. सेन्सर कुठे बसवलाय त्यावरही फरक पडतो, कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं तेल चेंबरमधल्या तेलापेक्षा गरमच असणार. म्हणून गाडी ठणठणीत असताना आठवडाभर स्वतःचे आकडे लिहून ठेवा, सपाटीचे, शहराचे, चढाचे. माझ्या मोबाईलमध्ये ते एका नोटमध्ये आहेत. पुढे कधी सपाटीलाच ८६ च्या जागी ९६ दिसायला लागले तर चढाची वाट बघायची नाही.

कोड वाचण्याबद्दल, म्हणजे बिघाड दिसला की गाडीचा कॉम्प्युटर जो नंबर साठवून ठेवतो त्याबद्दल. गिअरबॉक्स तापल्याचा कोड पी०२१८. पी०७११ ते पी०७१३ हे टेम्परेचर सेन्सरचे, म्हणजे गिअरबॉक्स नाही तर सेन्सर किंवा वायरिंग खराब असण्याची शक्यता. पी०७४१ म्हणजे लॉकअप नीट लागत नाहीये, आणि लॉकअप लागत नसेल तर हायवेवरही तेल तापत राहणार, तेव्हा ०२१८ बरोबर ०७४१ दिसला तर तो आधी दाखवा. ॲपमध्ये कोड पुसायचं बटण असतं, ते दाबून गाडी दाखवायला नेऊ नका, कोडबरोबर त्या क्षणाचे आकडेही साठवलेले असतात तेही पुसले जातात आणि मेकॅनिकच्या हातात काही राहत नाही. फोटो काढा, मगच काय ते.

एक स्टार का कापला. पहिलं म्हणजे सेटिंगचा त्रास, प्रोफाईल, पीआयडी हे सगळं डब्याच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही, ज्याला हौस नाही तो कूलंटचा आकडा बघून खूश राहील आणि ते धोकादायक आहे. दुसरं, दर चार-पाच दिवसांनी कनेक्शन तुटतं, गाडी चालवताना फोनशी खेळायचं नाही त्यामुळे तो प्रवास आंधळाच जातो. तिसरं, सॉकेटची जागा, माझ्या गाडीत डोंगल बरोबर गुडघ्याशी येतो, एकदा उतरताना लागून वाकला, आता एक हाताएवढी एक्स्टेन्शन वायर लावून पॅनेलच्या आत सारलाय. आणि सॉकेटच्या सोळा नंबरच्या पिनेला बॅटरीचा करंट गाडी बंद असतानाही चालू असतो, त्यामुळे गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर डोंगल काढूनच ठेवा, माझी बॅटरी एकदा उतरली. बाकी डबा मजबूत आहे, आठ महिन्यांत उन्हात उभ्या गाडीतही काही झालं नाही.

फोन मीटरच्या समोर लावू नका, नजर सारखी तिकडे जाते. आम्ही तो शेजारी बसणाऱ्याकडे देतो. मागच्या महिन्यात परत पाचही जण, परत डिकी भरलेली, परत त्याच चढावर रांग. या वेळी फोन बाबांच्या हातात होता, चष्मा नाकावर, दर दोन-तीन मिनिटांनी आकडा मोठ्याने वाचत होते, मुलगी मागून विचारत होती आजोबा आता किती. अठ्ठ्याण्णव, शंभर, एकशे दोन, एकशे सहा. एकशे नऊला बाबाच म्हणाले, घे बाजूला, उगाच कशाला. रुंद जागा बघून थांबलो, पी, हँडब्रेक, इंजिन चालू, एसी बंद, काचा खाली. दिवा लागलेला नव्हता, लागणारही नव्हता. आईने सगळ्यांना पाणी दिलं. सात मिनिटं लागली.

बाबा म्हणाले, चौऱ्याण्णव, चल आता.